अमेरिकेत राज्य बदलताय? गाडीचा विमा या क्रमाने हलवा

नोकरी बदलली, न्यूजर्सीहून डॅलसला जायचं ठरलं. सामानाचा ट्रक ठरला, मुलांच्या शाळेचे कागद झाले. गाडीच्या विम्याबद्दल मात्र बहुतेक मराठी घरांत एकच वाक्य ऐकू येतं, "ॲपमध्ये पत्ता बदलून टाकू." गोंधळ इथूनच सुरू होतो. अमेरिकेत गाडीचा विमा राज्याच्या कायद्यावर चालतो, केंद्राच्या नाही. राज्याची सीमा ओलांडून राहायला गेलात की सक्तीच्या विम्याची रक्कम बदलते. अपघातानंतर दवाखान्याचं बिल कोणाच्या विम्यातून जाणार, हेही बदलतं. काही ठिकाणी तर दुसऱ्यावर दावा करण्याचा तुमचा हक्कसुद्धा बदलतो.

दोन चुका पुन्हापुन्हा होतात. पहिली, जुनी पॉलिसी घाईने आधी बंद करणं. दुसरी, "पूर्वीसारखंच ठेवा" असं एजंटला सांगणं. पहिलीमुळे दंड होतो आणि लायसन्सही अडकू शकतं. दुसरीमुळे तुमचं संरक्षण निम्म्याहून कमी होऊ शकतं, आणि ते कळतं अपघात झाल्यावर. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका.

## तयारी: आकडे वाचता यायला हवेत

राज्याची किमान अट तीन आकड्यांत लिहिलेली असते, आणि आकडे हजार डॉलरमध्ये असतात. कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या: ३०/६०/१५. तुमच्या चुकीने अपघात झाला तर जखमी झालेल्या एका माणसासाठी कंपनी जास्तीत जास्त ३०,००० डॉलर देईल. त्या एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून ६०,००० देईल. समोरच्याची गाडी, कुंपण, खांब अशा मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५,००० देईल. याला लायबिलिटी म्हणतात. हे सगळे पैसे दुसऱ्याला मिळतात. तुमची गाडी आणि तुमचे उपचार यात येत नाहीत.

त्यासाठी वेगळी कलमं असतात:

- पीआयपी: चूक कोणाचीही असो, तुमच्या आणि गाडीतल्या माणसांच्या उपचारांसाठी. काही राज्यांत बुडालेल्या पगारासाठीही.
- मेडपे: पीआयपीचा धाकटा भाऊ. फक्त वैद्यकीय खर्च, रक्कम लहान.
- यूएम आणि यूआयएम: समोरच्याकडे विमाच नसेल किंवा अपुरा असेल, तर तुमच्या इजेची भरपाई तुमच्याच कंपनीकडून.
- कोलिजन: धडकेत तुमच्या गाडीचं झालेलं नुकसान.
- कॉम्प्रिहेन्सिव्ह: चोरी, गारपीट, पूर, आग, आणि आडवं आलेलं हरीणसुद्धा.

कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह कोणतंही राज्य सक्तीने घ्यायला लावत नाही. गाडी कर्जावर किंवा लीजवर असेल तर बँक मात्र लावते.

> सावधान: "माझं फुल कव्हरेज आहे" या वाक्याला कायद्यात अर्थ नाही. लायबिलिटी, कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह असलेल्या पॉलिसीला लोक तसं म्हणतात. त्यात यूएम शून्य असू शकतं आणि लायबिलिटी राज्याच्या किमान मर्यादेवर अडकलेली असू शकते.

## टप्पा १: आताच्या पॉलिसीचं डेक्लरेशन पेज काढा

निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी कंपनीच्या संकेतस्थळावरून डेक्लरेशन पेज, म्हणजे पॉलिसीचा सारांश असलेलं पान, उतरवून घ्या. इन्शुरन्स कार्ड चालणार नाही, त्यावर मर्यादा लिहिलेल्या नसतात. या पानावरून पुढच्या गोष्टी कागदावर उतरवा: लायबिलिटीचे तीन आकडे, पीआयपी किंवा मेडपेची रक्कम, यूएमची रक्कम, दोन्ही डिडक्टिबल (कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये नुकसानीतली जी रक्कम आधी तुम्ही भरायची असते ती), घरातल्या ज्या ज्या चालकांची नावं आहेत ती, आणि गाडी रात्री जिथे उभी असते तो पत्ता. हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. विमा कंपनी त्याच पत्त्यावरून राज्य, कायदा आणि प्रीमियम ठरवते.

त्याच वेळी कंपनीकडून मागच्या काही वर्षांत विमा अखंड होता याचं पत्र मागून ठेवा. नवी कंपनी ते बघते. मध्ये खंड पडलेला असेल तर दर चढतो.

> तपासा: गाडी कोणाच्या नावावर आहे आणि पॉलिसी कोणाच्या? नवऱ्याच्या नावावर गाडी आणि बायकोच्या एकटीच्या नावावर पॉलिसी असेल तर ते आताच दुरुस्त करा. न्यूयॉर्कमध्ये विम्याच्या कार्डावरचं नाव आणि रजिस्ट्रेशनवरचं नाव जुळलं नाही तर डीएमव्हीच्या (म्हणजे राज्याच्या वाहन खात्याच्या) खिडकीवरूनच परत पाठवतात. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं आणि ते कुठे लागतं, कुठे गळतं. पासपोर्ट, लायसन्स, टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) आणि पॉलिसी, चारही ठिकाणी एकसारखं आहे ना, ते अक्षर न् अक्षर पाहा.

## टप्पा २: नवं राज्य कोणत्या पद्धतीचं आहे ते ओळखा

इथे घाई नको. लोक तीन आकडे बघतात आणि पद्धत बघायचं विसरतात, आणि खरा फरक तर पद्धतीतच आहे.

### ज्याची चूक त्याची भरपाई

बहुतेक राज्यं या गटात येतात. ज्याच्या चुकीने अपघात झाला त्याच्या विम्यातून भरपाई मिळते. किमान आकडे मात्र एकसारखे नाहीत:

- टेक्सस ३०/६०/२५
- कॅलिफोर्निया ३०/६०/१५ (१ जानेवारी २०२५ पासून; त्याआधी १५/३०/५ होतं)
- व्हर्जिनिया ५०/१००/२५ (१ जानेवारी २०२५ पासून)
- नॉर्थ कॅरोलायना ५०/१००/५० (१ जुलै २०२५ पासून)
- जॉर्जिया आणि ओहायो २५/५०/२५
- इलिनॉय २५/५०/२०
- वॉशिंग्टन राज्य २५/५०/१०

टेक्ससमध्ये कंपनीने २,५०० डॉलरचं पीआयपी द्यायलाच हवं, पण तुम्ही लेखी नकार देऊ शकता. यूएमचंही तसंच. ऑनलाइन पॉलिसी घेताना हा लेखी नकार म्हणजे एक चौकट आणि एक सही. प्रीमियम कमी दिसावा म्हणून लोक ती भराभर टिचकी मारून पुढे जातात. इलिनॉय आणि नॉर्थ कॅरोलायनात यूएम सक्तीचं आहे.

या गटातल्या एका कायद्याची माहिती फार कमी लोकांना असते. व्हर्जिनिया, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना, अलाबामा आणि वॉशिंग्टन डीसीत अपघातात तुमचीही थोडीशी चूक निघाली, तरी समोरच्याकडून मिळणारी भरपाई पूर्ण बुडू शकते. दहा टक्के चूक म्हणून दहा टक्के कापले, असा तिथे हिशेब नाही. म्हणून या भागात राहायला जाणाऱ्यांनी कोलिजन आणि मेडपे काढून टाकण्याआधी दोनदा विचार करावा. समोरच्याच्या कंपनीने हात वर केले तर तेवढाच आधार उरतो.

### नो-फॉल्ट

बारा राज्यं: न्यूयॉर्क, न्यूजर्सी, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, मिनेसोटा, फ्लोरिडा, केंटकी, कॅन्सस, नॉर्थ डकोटा, युटा आणि हवाई. इथे उपचारांचा पहिला खर्च ज्याच्या त्याच्या विम्यातून जातो, चूक कोणाचीही असो. त्याबदल्यात किरकोळ इजेसाठी समोरच्यावर वेदना आणि मनस्तापाच्या भरपाईचा दावा करण्यावर बंधन असतं.

न्यूयॉर्क: लायबिलिटी २५/५०/१० (अपघाती मृत्यूसाठी ५०/१००), माणशी ५०,००० डॉलरचं नो-फॉल्ट आणि २५/५० चं यूएम, हे सगळं सक्तीचं. अपघात झाल्यावर नो-फॉल्टचा अर्ज ३० दिवसांत द्यायचा असतो. जोडप्यांसाठी एक कलम मोलाचं आहे. तुमच्या चुकीने शेजारी बसलेल्या पती किंवा पत्नीला इजा झाली तर साध्या लायबिलिटीतून त्यांना काही मिळत नाही. त्यासाठी वेगळं संरक्षण असतं. १ ऑगस्ट २०२३ पासून विवाहितांच्या पॉलिसीत ते आपोआप येतं, तुम्ही लेखी नकार दिला नाही तर. तो नकार देऊ नका.

न्यूजर्सी: स्टँडर्ड पॉलिसीची किमान मर्यादा १ जानेवारी २०२६ पासून ३५/७०/२५ आहे. पीआयपी किमान १५,०००, पण तुम्ही काही निवडलं नाहीत तर २,५०,००० धरलं जातं. दाव्याच्या हक्काबद्दल काहीच निवडलं नाहीत तर मर्यादित हक्क धरतात. बेसिक नावाची एक स्वस्त पॉलिसीही आहे. तिच्यात दुसऱ्याच्या इजेसाठीचं संरक्षण मुळात नसतंच, वेगळं मागून घ्यावं लागतं, आणि मागितलं तरी ते जेमतेम १०,०००. नोकरदार कुटुंबाने ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पेनसिल्व्हेनिया: १५/३०/५ आणि ५,००० डॉलरचे वैद्यकीय लाभ. इथे फुल टॉर्ट (दाव्याचा पूर्ण हक्क) आणि लिमिटेड टॉर्ट (मर्यादित हक्क) असे दोन पर्याय मिळतात. लिमिटेड घेतलंत तर गंभीर इजा नसताना वेदनेबद्दल दावा करता येत नाही, आणि हे बंधन घरातल्या बाकीच्यांनाही लागू होतं. इथे न्यूजर्सीच्या उलट आहे, काहीच निवडलं नाहीत तर फुल धरतात. नदीपलीकडच्या दोन शेजारी राज्यांत गप्प बसण्याचा अर्थ उलटा होतो, हे लक्षात ठेवा.

फ्लोरिडा: १०,००० पीआयपी आणि १०,००० मालमत्तेसाठी, एवढंच. दुसऱ्या माणसाच्या इजेचा विमा सर्वसाधारण चालकाला सक्तीचा नाही. म्हणजे तुम्हाला धडकणाऱ्याकडे तुमच्या इजेसाठी एक डॉलरही नसणं कायद्याला मान्य आहे. तिथे यूएम न घेणं हा मोठा धोका आहे. शिवाय अपघातानंतर १४ दिवसांच्या आत पहिला उपचार घेतला नाही तर पीआयपी मिळत नाही. "बघू, दुखायचं थांबेल" म्हणत तीन आठवडे काढू नका.

मॅसॅच्युसेट्स: १ जुलै २०२५ पासून २५/५०/३०, ८,००० पीआयपी आणि यूएम.

मिशिगन: लायबिलिटीची किमान मर्यादा ५०/१००/१०, पण काही निवडलं नाहीत तर २५०/५०० धरतात. पीआयपीत अमर्यादपासून खाली अनेक पर्याय आहेत आणि प्रीमियममधला मोठा फरक तिथेच पडतो.

### अपवाद

न्यू हॅम्पशायरमध्ये बहुतेकांना विमा घेण्याची सक्ती नाही. पण अपघात केलात तर भरपाई देण्याची ऐपत सिद्ध करावी लागते, त्यामुळे विमा घ्याच. व्हर्जिनियात पूर्वी ५०० डॉलर भरून विम्याशिवाय गाडी चालवता यायची. जुने रहिवासी अजूनही हे सांगतात. १ जुलै २०२४ पासून ती सोय बंद झाली आहे.

> तपासा: वर दिसतंय तसे हे आकडे अलीकडे भराभर बदलले आहेत. पॉलिसी घेण्याच्या आठवड्यात नव्या राज्याच्या इन्शुरन्स डिपार्टमेंटच्या किंवा डीएमव्हीच्या सरकारी पानावर एकदा खात्री करा. मित्राने पाच वर्षांपूर्वी काय घेतलं होतं, ते विचारू नका.

## टप्पा ३: तुमच्या मर्यादा ठरवा, मग दर विचारा

क्रम उलटा झाला तर स्वस्त दर बघूनच मर्यादा ठरते. हे टाळायचं आहे.

राज्याची किमान मर्यादा म्हणजे गाडी रस्त्यावर आणण्याची परवानगी. तुमचं घर आणि बचत वाचवण्याचा तो हिशेब नव्हे. कॅलिफोर्नियात १५,००० च्या मर्यादेवर तुम्ही ४५,००० डॉलरची नवी गाडी पूर्ण मोडीत काढलीत, तर उरलेल्या ३०,००० साठी समोरचा तुमच्यावर कोर्टात जाऊ शकतो. नवीन स्थायिक झालेल्या, भाड्याने राहणाऱ्या कुटुंबालाही मी १००/३००/१०० च्या खाली जाऊ नका असंच सांगेन. घर घेतलं असेल किंवा बचत साठली असेल तर २५०/५००/१०० आणि त्यावर अंब्रेला पॉलिसी, म्हणजे गाडीच्या लायबिलिटीची मर्यादा संपल्यावर पुढची भरपाई देणारा वेगळा विमा. किमान मर्यादेपासून वर जाताना प्रीमियम त्या प्रमाणात वाढत नाही, हे दोन्ही दर शेजारी मांडून बघितल्यावर पटेल. यूएमची मर्यादा शक्य असेल तिथे लायबिलिटीइतकीच ठेवा.

आता न्यूजर्सीहून टेक्ससला जाणाऱ्या कुटुंबाकडे वळू. न्यूजर्सीत त्यांच्याकडे २,५०,००० चं पीआयपी होतं. टेक्ससमध्ये आपोआप येतं ते २,५००. तेही कोणी घाईत नाकारलं तर शून्य. इथे "पूर्वीसारखंच" शक्यच नाही, कारण तशी वस्तू तिथल्या दुकानात नाही. मग ती पोकळी आरोग्य विम्याने भरायची. त्याचा डिडक्टिबल किती आहे ते बघा आणि किमान तेवढं पीआयपी किंवा मेडपे घ्या.

उलट दिशेने, न्यूजर्सीत येणाऱ्यांना विचारतात, "अपघाताचं बिल आधी आरोग्य विम्याने भरावं का?" हो म्हटलं तर प्रीमियम कमी होतो. पण काही कंपन्यांचे आरोग्य प्लॅन अपघाताचं बिल आधी भरायला नकार देतात. ऑफिसच्या एचआरकडून लेखी उत्तर आल्याशिवाय हो म्हणू नका.

भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर हाही विचार याच टप्प्यात करा. त्यांच्या प्रवासी आरोग्य विम्यात मर्यादा आणि वगळलेल्या गोष्टी बऱ्याच असतात. गाडीत मागे बसलेल्या आईला इजा झाली तर पीआयपी किंवा मेडपे तिच्या कामी येऊ शकतं. वर्षाला थोडे डॉलर वाचवण्यासाठी हे काढू नका.

## टप्पा ४: खरी माहिती देऊन दर मागवा

सगळ्या कंपन्यांना एकाच मर्यादा सांगा, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही. निघायच्या दोन आठवडे आधी मागवले तर बरं. काही कंपन्या आधी पॉलिसी घेणाऱ्याला सवलत देतात. तुमची सध्याची कंपनी नव्या राज्यात धंदा करत असली तरी तिथली पॉलिसी नवीच असते. क्रमांक वेगळा, कलमं वेगळी, दर वेगळा. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाईमध्ये दर ठरवताना क्रेडिट स्कोअर वापरता येत नाही. अमेरिकेत नव्याने आलेल्या आणि क्रेडिटचा इतिहास नसलेल्यांना तिथे त्याचा फायदा होतो. बाकी बहुतेक ठिकाणी तो बघतात.

कंपनीला न लपवता सांगायच्या गोष्टी:

- गाडी रात्री प्रत्यक्ष कुठे उभी राहणार, तो पत्ता
- घरात राहणारी, लायसन्स असलेली सगळी माणसं. गाडी चालवत नसली तरी
- शिकाऊ परवाना काढलेला जोडीदार किंवा मुलगा-मुलगी
- मागचे अपघात आणि दंड. कंपनी ते नोंदीतून काढतेच
- भारतातल्या लायसन्सची वर्षं. काही कंपन्या तो अनुभव धरतात, काही नाही; विचारण्यात नुकसान नाही

> सावधान: "जुन्या राज्यात भावाचा पत्ता आहे, तिथला विमा स्वस्त आहे, तोच चालू ठेवू." हा सल्ला मराठी मंडळांच्या गप्पांत सर्रास मिळतो. चुकीच्या पत्त्यावर घेतलेली पॉलिसी म्हणजे खोटी माहिती. कंपनी क्लेम नाकारू शकते, पॉलिसी रद्द करू शकते, आणि रद्द झाल्याची नोंद पुढच्या प्रत्येक कंपनीला दिसते.

इथे एक फरक समजून घ्या, कारण लोक त्यावरूनच फसतात. फिरायला जाणं आणि राहायला जाणं वेगळं. टेक्ससची पॉलिसी घेऊन दोन आठवडे न्यूयॉर्कला गेलात तर प्रचलित पॉलिसीतलं एक कलम तुमच्या मर्यादा तात्पुरत्या त्या राज्याच्या किमान अटीपर्यंत वर नेतं. सामान हलवतानाच्या प्रवासातही जुनी पॉलिसी वाटेतल्या राज्यांत चालते. म्हणून अनेकांना वाटतं, जुनाच विमा पुरतो. तिथे घर केलंत की तो आधार संपतो.

## टप्पा ५: तारखा जुळवा

नवी पॉलिसी नव्या घरात पोहोचण्याच्या दिवसापासून सुरू करा. जुनी पॉलिसी चालू ठेवा. दोन्ही काही दिवस एकत्र चालतील, त्या दिवसांचा प्रीमियम दुहेरी जाईल. तो द्यावा. हेच पैसे वाचवायला जाऊन लोक शेकडो डॉलरचा दंड ओढवून घेतात.

एकाच कंपनीत राहणार असाल तर ती एकच गाडी दोन पॉलिसींवर ठेवू देईलच असं नाही. मग एजंटला नेमका प्रश्न विचारा, "जुन्या राज्याच्या डीएमव्हीला माझा विमा बंद झाल्याची सूचना कोणत्या तारखेला जाणार?" त्या तारखेच्या आत जुन्या नंबर प्लेटचा निकाल लावायचा (कसा, ते टप्पा ७ मध्ये).

गाडीवर कर्ज असेल तर बँकेला आताच कळवा. नव्या राज्याला टायटल लागतं, ते बँकेकडे असतं, आणि ते मागवण्यात आठवडे जातात. बँकेचं नाव नव्या पॉलिसीत नोंदवून त्याचा पुरावाही पाठवा. पुरावा पोहोचला नाही तर बँक स्वतःहून महागडा विमा लावते आणि तो हप्त्यात वसूल करते.

## टप्पा ६: रजिस्ट्रेशन आणि लायसन्स

आता नव्या पॉलिसीचा पुरावा घेऊन सरकारी कचेरीत जा. मुदती राज्यागणिक वेगळ्या:

- कॅलिफोर्निया: रजिस्ट्रेशन २० दिवस, लायसन्स १० दिवस
- टेक्सस: रजिस्ट्रेशन ३० दिवस, लायसन्स ९० दिवस
- न्यूयॉर्क: दोन्ही ३० दिवस
- न्यूजर्सी: दोन्ही ६० दिवस, किंवा जुनं संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते
- पेनसिल्व्हेनिया: रजिस्ट्रेशन २० दिवस, लायसन्स ६० दिवस
- व्हर्जिनिया: रजिस्ट्रेशन ३० दिवस, लायसन्स ६० दिवस
- फ्लोरिडा: नोकरी सुरू झाल्यापासून किंवा मुलांना शाळेत घातल्यापासून १० दिवसांत रजिस्ट्रेशन, लायसन्स ३० दिवस

विम्याचा पुरावाही सगळीकडे सारखा चालत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये रजिस्ट्रेशनच्या अर्जावरच विमा एजंटचा शिक्का आणि सही लागते. नॉर्थ कॅरोलायनात तिथे परवाना असलेल्या कंपनीचाच विमा हवा, आणि कंपनी एफएस-१ नावाचा दाखला देते. न्यूयॉर्क दुसऱ्या राज्यातला विमा मानतच नाही. टेक्ससमध्ये हे काम काउंटीच्या टॅक्स ऑफिसात होतं, लायसन्सचं मात्र वेगळ्या खात्यात, आणि तिथल्या अपॉइंटमेंट लवकर मिळत नाहीत. त्यामुळे ती घर हलवण्याआधीच घेऊन ठेवावी.

> तपासा: नवं लायसन्स आल्यावर त्याचा क्रमांक विमा कंपनीला कळवला का? जुन्या राज्याचा क्रमांक तसाच राहिला तर पुढच्या नूतनीकरणाला अडचण येते.

## टप्पा ७: आधी प्लेट, मग जुनी पॉलिसी

नव्या प्लेट गाडीला लागल्या की जुन्या काढा. न्यूयॉर्क, न्यूजर्सी, फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलायनात प्लेट परत केल्यावरच विमा बंद करायचा असतो. टेक्सस, कॅलिफोर्नियात प्लेट परत मागत नाहीत. तिथल्या डीएमव्हीला गाडी राज्याबाहेर गेल्याचं कळवा आणि नोंद बंद झाल्याची खात्री करा. कॅलिफोर्नियात विमा बंद झाल्याची बातमी कंपनीकडून थेट डीएमव्हीला जाते. तुम्ही गेलात हे डीएमव्हीला माहीत नसेल तर ते रजिस्ट्रेशन निलंबित करतात.

क्रम चुकला तर काय होतं?

- न्यूयॉर्क: पहिले ३० दिवस रोज ८ डॉलर, पुढचे ३० दिवस रोज १०, त्यापुढचे ३० दिवस रोज १२. खंड ९० दिवसांच्या वर गेला तर रजिस्ट्रेशनबरोबर लायसन्सही निलंबित.
- फ्लोरिडा: लायसन्स आणि रजिस्ट्रेशन निलंबित. परत सुरू करायला पहिल्यांदा १५० डॉलर, मग २५०, मग ५००.
- नॉर्थ कॅरोलायना: पहिल्यांदा ५० डॉलर, मग १००, मग १५०.

आणि हे निलंबन जुन्या राज्यापुरतं राहत नाही. राज्यं एकमेकांच्या नोंदी बघतात, त्यामुळे नव्या राज्यात लायसन्स काढायला गेल्यावर तिथल्या संगणकावर ते उगवतं. तोवर जुन्या पत्त्यावर आलेली दोन-तीन पत्रं कोणी उघडलेलीही नसतात. टपाल खात्यात पत्ता बदलल्याचा अर्ज पहिल्याच दिवशी करा.

प्लेट टपालाने पाठवत असाल तर त्यांचा फोटो काढा आणि पोहोच मिळेल अशा सेवेने पाठवा. पावती हाती आली की मगच जुन्या कंपनीला लेखी कळवा. नव्या पॉलिसीचा पुरावा सोबत जोडा आणि कोणत्या तारखेपासून बंद हवी ते लिहा. फक्त आपोआप जाणारा हप्ता बंद करून स्वस्थ बसू नका. त्याने पॉलिसी "पैसे न भरल्यामुळे रद्द" झाल्याची नोंद होते.

## ज्यांचं प्रकरण सरळ नाही त्यांच्यासाठी

नवरा एका राज्यात, कुटुंब दुसऱ्या राज्यात. मुलांचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत असं अनेक घरांत होतं. जी गाडी जिथे उभी राहते तिचा विमा तिथला. दोन गाड्या, दोन राज्यं, दोन पॉलिसी. दोघांचीही नावं दोन्हीकडे चालक म्हणून द्या.

मुलगी कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात. गाडी सोबत नेली असेल तर कंपनीला पत्ता सांगा. नेली नसेल तर तिचं नाव काढू नका. सुट्टीत घरी आल्यावर ती गाडी चालवणारच. दूर शिकणाऱ्या मुलांसाठी सवलत मिळते का ते विचारा.

चार-सहा महिने भारतात जाणार. गाडीला प्लेट आहे तोवर बहुतेक राज्यांत लायबिलिटी बंद करता येत नाही, गाडी गॅरेजात झाकून ठेवली तरी. न्यूयॉर्कसारख्या राज्यात आधी प्लेट जमा करायच्या. कॅलिफोर्नियात डीएमव्हीकडे गाडी वापरात नसल्याची नोंद करता येते. मग फक्त कॉम्प्रिहेन्सिव्ह ठेवा, म्हणजे चोरी, आग, झाड पडणं यांचं संरक्षण राहतं. गाडी कर्जावर असेल तर बँक याला परवानगी देणार नाही. परतल्यावर खंड दिसून दर वाढू शकतो. त्यामुळे दोन-तीन महिन्यांच्या फेरीसाठी हा खटाटोप सहसा परवडत नाही.

## महिन्याभराने एकदा तपासा

जुन्या कंपनीने उरलेल्या दिवसांचा प्रीमियम परत केला का ते बघा. काही कंपन्या दिवसांच्या हिशेबाने देतात, काही थोडी रक्कम कापतात. जुन्या राज्याच्या डीएमव्हीच्या संकेतस्थळावर रजिस्ट्रेशन बंद दिसतंय का, तेही पाहा. प्लेट परत केल्याची पावती, रद्द झाल्याचं पत्र आणि दोन्ही डेक्लरेशन पेज एका फोल्डरमध्ये काही वर्षं सांभाळून ठेवा. जुन्या राज्यातून दंडाचं पत्र आलं तर त्याला उत्तर म्हणून हीच कागदपत्रं पाठवायची असतात, आणि पत्रावरच्या मुदतीच्या आत पाठवायची असतात. कंपनी परताव्याबद्दल दाद देत नसेल तर जुन्या राज्याच्या इन्शुरन्स डिपार्टमेंटकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत.